आप्पा निर्दोष सुटले

मुंबईच्या हायकोर्टाने आप्पा मेहेंदळ्यांना निर्दोष सोडल्याची बातमी आरे गावात मंगळवारी पोचली, आणि रविवार उजाडेपर्यंत त्या घरात जेवण कोणाला गोड लागेनासं झालं होतं.

बातमी आणणारा गोपाळकृष्ण, आप्पांचा पुतण्या. रत्नागिरीच्या कोर्टात वकिली सुरू करून त्याला दीड वर्ष झालं होतं आणि दीड वर्षात जिंकलेला हा त्याचा पहिलाच खटला. तार हातात पडली तेव्हा दोन ज्येष्ठ वकिलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, तिसऱ्याने चहा पाजला, आणि तो तसाच पेढे घेऊन आऱ्याला आला. पेढे त्याच दिवशी संपले. शुक्रवारी टपालाने निकालाची नक्कल आली तेव्हा ते खाल्ल्याचा सगळ्यांना पश्चात्ताप झाला.

निकाल जेमतेम अर्ध्या पानाचा होता. गोपाळकृष्णाने तो ओटीवर बसून मराठी करत वाचून दाखवला. ‘अर्जदार हा दुबळ्या समजशक्तीचा वृद्ध गृहस्थ दिसतो. पाषाणाच्या मूर्तीवरून एक पाकळी गळून पडली, ती त्याने न्यायालयाचा हुकूमनामा मानली. अशा माणसाच्या मनात गुन्ह्याचा हेतू असणे संभवत नाही. शिक्षा रद्द. दंड भरला असल्यास परत द्यावा.’

“दुबळ्या समजशक्तीचा म्हणजे?” आप्पांनी झोपाळ्यावरून विचारलं.

“म्हणजे... साधे. सरळ.”

“इंग्रजीत काय लिहिलंय?”

गोपाळकृष्णाने सांगितलं. आप्पा उठले, फडताळातून कोश काढला, चष्मा लावून शब्द शोधला, कोश मिटला आणि जागेवर ठेवला.

प्रकरण मुळात गडग्याचं, आणि ते बापजाद्यांपासूनचं. आप्पांची आंब्याची बाग आणि त्यांचा चुलतभाऊ तात्या याची बाग यांच्यामध्ये जांभ्या दगडांचा, चुना-माती न लावता रचलेला एक गडगा होता. तो गडगा आपल्या जागेत दोन हात घुसला आहे असं आप्पांचं म्हणणं. उलट आपलेच दोन हात आप्पांकडे गेले आहेत असं तात्याचं. फाल्गुनात तात्याने ग्रामदेवतेला कौल लावला. गुरव देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपण विचारायचं. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. तात्याने विचारलं, गडगा आहे तिथेच असू दे ना? उजवी पडली. चैत्रात आप्पांनी कौल लावला. गडगा माझ्या जागेत आहे ना? उजवी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आप्पांनी चाळीस हात गडगा स्वतःच्या हाताने पाडला.

तात्याने फिर्याद केली. लवू गुरवाची साक्ष झाली. “दोघांनाबी देवीन होच सांगलान,” तो म्हणाला. “आता इचारनारा जसा इचारल तसा ती सांगनार. मी काय, नुसत्या पाकल्या लावतंय.” मॅजिस्ट्रेटने नुकसानीच्या गुन्ह्याखाली आप्पांना तीस रुपये दंड केला. एवढ्याशा शिक्षेवर अपील चालत नाही. अपिलाला लायक व्हायचं तर अन्यायही बेताच्या वर असावा लागतो. राहिला रस्ता रिव्हिजनचा, म्हणजे खालच्या कोर्टाचं काम हायकोर्टाने तपासून बघण्याचा.

तो अर्ज गोपाळकृष्णाने लिहिला. त्यात आठ मुद्दे होते, आठही खणखणीत. जागेवर प्रामाणिक हक्क सांगून केलेलं काम गुन्हा ठरत नाही, हा पहिला मुद्दा तर त्याने तीन रात्री जागून घासूनपुसून काढला होता. पण त्याच्या ज्येष्ठांची शिकवण अशी की अर्जाला मुद्दे दहा असावेत, आठ मुद्द्यांचा अर्ज उपाशी दिसतो. दहावा सर्वांचाच ठरलेला असतो, ‘सुनावणीच्या वेळी सुचतील ते अन्य मुद्दे’. नववा त्याने चहाचा कप हातात असताना लिहिला. अर्जदार वयोवृद्ध व भोळा असून आपण काय करतो याची त्यास पुरती समज नव्हती.

हायकोर्टाने आठ मुद्दे वाचलेसुद्धा नसावेत. नववा मात्र मनापासून पटला.

रविवारी सकाळी गोपाळकृष्ण पुन्हा आऱ्याला पोचला तेव्हा आप्पा ओटीवर, धुतलेला सदरा घालून, युद्धाला निघाल्यासारखे बसले होते.

“अर्ज लिही,” ते म्हणाले.

“कसला?”

“त्या जज्जाला म्हणावं, निकाल परत बघ. चुकलास. मला दोषी ठरव.”

“आप्पा, तुम्ही सुटला आहात.”

“मी सुटलो नाही, मला सोडून दिलाय. गुरं सोडतात तसा. फरक कळतो का तुला? तीस वर्षं शाळा चालवली मी. माझ्या हाताखालून शिकून गेलेला एक जण मामलेदार कचेरीत आहे. त्याला काय वाटेल? आपल्याला त्रैराशिक शिकवलं ते वेड्याने?”

आतून काकूंचा आवाज आला. “काही चुकलेला नाही तो जज्ज! मी चाळीस वर्षं हेच सांगत्ये. घरातल्या बाईला कोण विचारतो? त्या गोऱ्याने तोंड न बघता ओळखलंन्.”

“तू गप्प बस.”

“बसत्ये. मला काय, आता मुंबईचा शिक्का आहे.”

रत्नागिरीत वेड्यांचं इस्पितळ असल्यामुळे या भागात वेडाची थट्टा इतर ठिकाणांपेक्षा जरा माहितगारीने होते. शनिवारच्या बाजारात तिघांनी आप्पांना ‘कधी दाखल होताय?’ असं विचारलं होतं. चौथ्याने कोणत्या बाजूची खोली हवेशीर आहे ते सांगितलं होतं.

गोपाळकृष्णाने पिशवीतून पुस्तक काढलं. “हे बघा. क्रिमिनल प्रोसीजर कोड, कलम तीनशे एकोणसत्तर. कोर्टाने एकदा निकालावर सही केली की त्याला तो बदलता येत नाही. पुनर्विचारही करता येत नाही. लिहिण्यातली चूक असेल तर तेवढी सुधारता येते.”

“मग प्रश्नच मिटला. ही लिहिण्यातलीच चूक आहे. लिहिलंय ते चूक आहे.”

“तशी नव्हे. तीसच्या जागी तीनशे पडले, असली.”

“मी शहाणा असताना वेडा लिहिलं, ही तीसच्या जागी तीनशेपेक्षा लहान चूक आहे?”

गोपाळकृष्णाने कलम पुन्हा एकदा वाचून पाहिलं.

“बरं, मला सांग,” आप्पांनी झोपाळा थांबवला. “रिव्हिजन म्हणजे खालच्याची चूक तपासायची. होय ना? मग तपासणाऱ्याने चूक केली तर ती कोण तपासतो?”

“कोणी नाही.”

“त्याची त्याला कळली तरी?”

“कळली तरी.”

“का?”

“कुठेतरी थांबायला हवं ना, आप्पा. नाहीतर खटले संपायचेच नाहीत.”

“मग माझ्यापाशीच बरे थांबले! ती देवी बरी. तिला पुन्हा विचारता येतं. आज नाही म्हणाली तर पुढल्या मंगळवारी प्रश्न फिरवून विचारतात. तिची सही नसते.”

एवढ्यात मागच्या बागेतून कोणी खाकरलं. गडगा पडलेला होता तो अजून कोणी रचला नव्हता, त्यामुळे तात्याला यायला सोय झाली होती. आठ महिन्यांत तात्या आणि आप्पा एकमेकांशी फक्त कोर्टात, तेही मॅजिस्ट्रेटमार्फत बोलले होते. आता तात्या अंगणात येऊन, तुळशीकडे बघत, कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाला, “निकाल फिरवायला हवा.”

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. “तुला काय दुखतंय? तू हरलास म्हणून?”

“हरल्याचं मरू दे रे. माझ्या विमलाचं काय? तिला दोन स्थळं सांगून आली होती. काल एकाने निरोप पाठवलान्, तुमच्यात असं काही आहे हे बोलला नव्हता म्हणून. आपण एका आजोबांची नातवंडं. वेड काय गडग्याशी थांबतं?”

“आणि तो तर यांनी पाडून ठेवलाय,” काकू आतून म्हणाल्या.

तात्या ओटीच्या पायरीवर बसला. “गोपाळ, फिर्यादी मी आहे. मी लिहून देतो की आरोपी पूर्ण शुद्धीत होता. माझ्याइतकं त्याला कोण ओळखतो? लबाड आहे, हट्टी आहे, दुसऱ्याच्या जागेवर डोळा आहे. पण वेडा नाही.”

“हे मात्र तो खरं बोलला,” आप्पा म्हणाले, आणि सरकून झोपाळ्यावर त्याला जागा करून दिली.

गोपाळकृष्णाला आपल्या धंद्याच्या भवितव्याची काळजी वाटू लागली. एक अंधुक वाट होती खरी. रिव्हिजनमधल्या हुकमाला ‘निकाल’ म्हणायचं की नाही यावर वकील मंडळी भांडत असत. निकाल नाही म्हटलं तर तीनशे एकोणसत्तरची कडी निघते. शिवाय नऊ वर्षांपूर्वी कायद्यात एक नवं कलम घातलं होतं, पाचशे एकसष्ट-अ. न्याय साधण्यासाठी लागेल तो हुकूम करण्याचा हायकोर्टाचा अंगचा अधिकार. त्या कलमाला अजून कोणी ‘आम्हाला शिक्षा द्या’ म्हणून हात घातला नसावा. आणि या सगळ्यात अर्जात लिहायचं काय, तर मागच्या अर्जात याच वकिलाने लिहिलेला नववा मुद्दा साफ खोटा होता.

“ते लिहायचं,” आप्पा म्हणाले. “घे कागद. मी, विश्वनाथ महादेव मेहेंदळे, पूर्ण शुद्धीत, आधी ठरवून, सकाळी चहा घेऊन गडगा पाडला.”

“चहा कशाला?”

“वेडा माणूस चहा घेऊन पाडत नाही. तसाच उठून पाडतो.”

“वाईट हेतूने, हे घाल,” तात्या म्हणाला.

“घाल,” आप्पा म्हणाले. “होता हेतू वाईट.”

“नुकसान व्हावं म्हणून.”

“व्हावं म्हणूनच. घाल रे गोपाळ, थांबलास का?”

आठ महिन्यांत दोन्ही घरांचं पहिल्यांदाच एका वाक्यावर एकमत झालं होतं, आणि ते वाक्य गुन्ह्याच्या कबुलीचं होतं. दोघांनी आळीपाळीने मजकूर सांगितला. खाली आधी आरोपीने सही केली, मग फिर्यादीने. आरोपीस पुन्हा दोषी ठरवावे अशी उभयतांची नम्र विनंती. काकूंनी दोघांना एकाच ताटलीत पोहे आणून दिले आणि एकाच शब्दात दोघांची संभावना केली.

गोपाळकृष्ण हात धुवायला मागच्या पडवीत गेला तर तिथे उमा उभी होती. आप्पांची धाकटी मुलगी, सतरा वर्षांची, सातवी पास झालेली, एरवी तोंडाने फटकळ. आज तिच्या हातात तांदूळ निवडायचं सूप होतं आणि सुपात एकही दाणा नव्हता.

“गोपाळदादा, तो अर्ज कधी चालेल?”

“चार-सहा महिने लागतील. चालला तर.”

“आणि हेदवीचे नाना आज दुपारी येणार.”

ते तो विसरला नव्हता. सकाळपासून त्याचाच विचार टाळण्यासाठी तो कलमं चाळत होता. हेदवीच्या नाना ओकांच्या मुलाशी उमाचं ठरत आलं होतं. मुलगा मुरुडला शाळेत शिक्षक. बोलणी झाली होती, सुपारी फुटायची राहिली होती, आणि मधेच हा निकाल. नानांनी पत्र पाठवलं होतं, दोन ओळींचं. ‘निकाल वाचला. रविवारी समक्ष येतो.’

“मोडायलाच येणार,” उमा म्हणाली. “वेड्याची मुलगी कोण करून घेईल?”

“दुसरं बघू. रत्नागिरीत माझ्या ओळखीचे—”

“मला तिथे जायचंय, दादा.”

एवढं बोलून तिचे कान लाल झाले, पण ती थांबली नाही. “बघायला आले होते तेव्हा घावन केलं होतं मी. करपलं. सगळ्यांनी बाजूला सारलं. यांनी खाल्लंन्, आणि दुसरं मागितलंन्.”

“त्याला घावनातलं कळत नसेल.”

“कळत होतं. करपलेली बाजू आईला दिसू नये म्हणून खाली करून खाल्लीन्.”

गोपाळकृष्णाला आपला नववा मुद्दा आठवला. चहाचा तो कप आठवला. गवती चहा घातलेला होता.

नाना ओक सांगितल्या वेळेच्या पाव तास आधी आले. जयगडची खाडी ओलांडून, उन्हातून चालत आलेले असूनही त्यांच्या काळ्या कोटाची वरची गुंडी लावलेली होती. ते मुन्सफ कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झाले होते, आणि निकाल त्यांच्या हाती पडला तो कोर्टातल्या जुन्या ओळखींतूनच. तीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन जप्त्या बजावल्या असल्यामुळे कोणाच्याही ओटीवर चढताना त्यांची नजर आपोआप भांड्यांवरून फिरत असे.

कोकमाचं सरबत झालं. तात्या घाईघाईने झोपाळ्यावरून उठला, पण निघून जायचं त्याला सुचलं नाही. आप्पा झोपाळ्यावर ताठ बसले होते. मुलीचं स्थळ गेलं तरी चालेल पण खरं तेच सांगणार, असा त्यांचा चेहरा होता. फक्त हात झोपाळ्याच्या कडीवरून निघत नव्हता. लिहिलेला अर्ज मेजावर वाळत होता. काकू आणि उमा माजघराच्या दारात.

“मी निकाल वाचला,” नाना म्हणाले.

त्यांनी सरबताचा शेवटचा घोट घेतला.

“वाचून समाधान झालं.”

गोपाळकृष्णाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “समाधान?”

“त्याआधी मी मोडणारच होतो. तुम्हाला बोललो नाही इतकंच. तीस रुपये दंड! शिक्षा झालेल्या माणसाची मुलगी घरात आणायची? माझी हयात कोर्टात गेली. आरोपी कसे असतात ते मी जवळून पाहिलेत.” नानांनी पेला खाली ठेवला. “वेडाचं काय एवढं? माझा धाकटा भाऊ गेली बावीस वर्षं भिंतीशी बोलतो. दोन वेळा जेवतो, कोणाच्या अध्यात नाही. वेड देवाने दिलेलं. शिक्षा सरकारची.”

तात्याचं तोंड उघडं राहिलं. ते मिटलं तेव्हा त्यातून निराळंच बाहेर आलं. “तर काय हो! आणि आप्पा म्हणजे लहानपणापासूनच. आम्ही सगळे जाणतो. एकटाच तसा पण. आमच्या शाखेत कोणी नाही. माझी विमला तर—”

“मला एकच विचारायचंय,” नाना गोपाळकृष्णाकडे वळले. “हा निकाल फिरण्यासारखा आहे का? पुनर्विचार वगैरे?”

गोपाळकृष्ण उठला आणि अगदी सहज मेजावर बसला. खालचा कागद त्याला धोतरातून गार लागला. शाई पुरती वाळली नव्हती.

“अजिबात नाही,” तो म्हणाला. “कलम तीनशे एकोणसत्तर. एकदा सही झाली की कोर्टाला स्वतःचा निकाल फिरवता येत नाही.”

“रिव्हिजनच्या हुकमालाही ते लागू?”

“आमच्यात तरी यावर दुमत नाही,” गोपाळकृष्ण म्हणाला, आणि ‘आमच्यात’मध्ये त्याने स्वतःपुरतंच धरलं.

“आणि पाचशे एकसष्ट-अ?”

त्याने नानांकडे नव्या आदराने पाहिलं. “ते न्याय साधण्यासाठी आहे, नाना. इथे त्याचा संबंध येत नाही.”

नानांनी मान हलवली. पण उठले नाहीत. “तरी एक भीती राहतेच. कोर्टाला फसवून मिळवलेला हुकूम टिकत नाही. समजा, मनुष्य शहाणा, आणि वकिलाने कागदावर वेडा केला. उद्या कोणी उठलं, वरती कळवलं. सरकारने पुन्हा ओढलं तर माझ्या घरात शिक्षा आलीच. तेव्हा यांच्याशी दोन शब्द बोलतो. खात्री झाली की तिथी काढू.”

आणि त्यांनी खुर्ची झोपाळ्यासमोर सरकवली.

आता संपलं, हे गोपाळकृष्णाला स्वच्छ दिसलं. मॅजिस्ट्रेटने गडग्याचा प्रश्न विचारला होता, पोस्टमनने विचारला होता, बाजारात मासेवाल्या बायकांनी विचारला होता, आणि आप्पांनी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं होतं, जागा माझी. दंड सौम्य व्हावा म्हणून मॅजिस्ट्रेटने स्वतः त्यांना ‘चुकून झालं म्हणा’ असं सुचवलं, तर आप्पांनी त्याला समज दिली होती. हा माणूस खोटं बोलत नाही असं नव्हे. पण आपलं चुकलं, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडातून कोणी ऐकलेलं नव्हतं. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे लग्नात सप्तपदीला ते पाऊल चुकले तेव्हा त्यांनी भटजींना दुरुस्त केलं होतं.

“आप्पासाहेब,” नानांनी शांतपणे, आजाऱ्याशी बोलतात तसं विचारलं, “गडगा का पाडलात?”

आप्पांनी श्वास घेतला. उत्तर ओठांवर आलेलं सगळ्यांना दिसलं. मग त्यांची नजर नानांच्या खांद्यावरून माजघराच्या दाराकडे गेली. उमा तिथे उभी होती. ती काही खुणावत नव्हती, हात जोडत नव्हती. नुसती उभी होती, हातात तेच रिकामं सूप घेऊन.

आप्पांनी तोंड मिटलं. त्यांना काहीतरी वेड्यासारखं बोलायचं होतं आणि त्याची सवय नव्हती, हे गोपाळकृष्णाच्या लक्षात आलं. ते विचार करत होते. वेडा माणूस काय म्हणेल? भिंतीशी बोलेल? गाणं म्हणेल? त्यांनी पायाने झोपाळ्याला एक झोका दिला. मग त्यांना सापडलं.

“चूक झाली माझी,” आप्पा म्हणाले. “जागा तात्याची आहे.”

माजघरात झाकण पडलं. काकू धावत बाहेर आल्या, परका माणूस बसलाय हे विसरून त्यांनी आप्पांच्या कपाळाला हात लावला. “अहो! अहो, काय होतंय तुम्हाला? गोपाळ, बघ रे, यांचे डोळे बघ!” चाळीस वर्षं नवऱ्याला वेडा म्हणणाऱ्या त्या बाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरी भीती होती.

“गडगाही त्याचाच,” आप्पा सुरात आल्यासारखे पुढे म्हणाले. “उलट दोन हात त्याचेच माझ्याकडे असतील. तात्या सज्जन माणूस आहे.”

काकू रडू लागल्या.

नानांनी खुर्ची मागे घेतली. त्यांनी तीस वर्षांत पुष्कळ ढोंगं पाहिली होती, पण बायकोचं असलं रडणं ढोंगात येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. “बिचारे,” ते हळूच गोपाळकृष्णाला म्हणाले. “हायकोर्ट ते हायकोर्ट. लांबूनही बरोबर ओळखतं.” मार्गशीर्षातल्या दोन तिथी त्यांनी वहीत बघून सांगितल्या, दुसरी ठरली, आणि खाडीची होडी चुकू नये म्हणून ते लगेच निघाले. जाताना त्यांनी आप्पांना लहान मुलाला करतात तसा हात हलवला. आप्पांनीही, दात आवळून, हलवला.

ते अंगणाच्या टोकाचं बेडं ओलांडून बाहेर पडायची वाट तात्याने कशीबशी पाहिली.

“ऐकलंत ना? सगळ्यांनी ऐकलंत! जागा माझी म्हणाला तो! चार माणसांत! गोपाळ, घे कागद. लिहून घे आत्ता, सही घे त्याची.”

“घेतो,” गोपाळकृष्ण म्हणाला. “पण उपयोग नाही, तात्या.”

“का?”

“दुबळ्या समजशक्तीच्या माणसाची कबुली कोण धरणार?”

“अरे पण तो वेडा नाहीये!”

“हळू बोला. नाना अजून पाणंदीतच असतील.”

तात्याने पाणंदीकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं. साठ वर्षं जे ऐकायला त्याचा बाप, तो स्वतः आणि त्याचे दोन वकील टपून बसले होते, ते त्याला पूर्ण मिळालं होतं, साक्षीदारांसह, व्याजासकट. “मग मी हायकोर्टात जातो,” तो म्हणाला. “शहाणा ठरवून आणतो त्याला.”

“जा की. कलम तीनशे एकोणसत्तर. आणि ठरलाच शहाणा, तर ओकांनी विमलाचं नाव विचारलंय म्हणे त्यांच्या पुतण्यासाठी, तेही हातचं जाईल, बघा.”

ओकांनी तसं काही विचारलेलं नव्हतं. पण वकिलीत दीड वर्ष काढल्यावर माणूस एखादा मुद्दा जास्तीचा घालतोच. तात्या पायरी उतरला आणि पडलेल्या गडग्याच्या दगडांतून वाट काढत आपल्या बागेकडे निघाला.

गोपाळकृष्ण मेजावरून उठला. अर्जाची शाई धोतराला लागली होती आणि कागदावर फक्त दोन सह्या वाचता येत होत्या. तो त्याने चुलीकडे नेऊन दिला. परत आला तेव्हा उमा आप्पांना पाणी देत होती. तिने भांडं दिलं आणि तिथेच खाली बसली, त्यांच्या पायाशी. मग तिने एकदम विचारलं,

“आप्पा, खरंच त्यांची आहे का हो जागा?”

आप्पांनी पायाने झोपाळा थांबवला. तात्या पलीकडे खाली वाकून एक दगड बाजूला करत होता, पुढच्याचा पाय अडकू नये म्हणून असावा. आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. या प्रश्नावर त्यांना आजवर कधी विचार करावा लागला नव्हता.

“थांब,” ते म्हणाले. “जरा बघू दे मला.”